वाढत्या नंबरचा बूट

आमच्या घराण्याची खूण पायात आहे. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ज्या बाईचं हे बोट लांब, ती नवऱ्यावर राज्य करते, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, हे बोट इतकं लांब आहे की लग्नात जोडवी घालताना भटजींनी एकदा त्या बोटाकडे आणि एकदा भावोजींकडे कणवेने पाहिलं होतं. हे मी रचलेलं आहे असं ताई म्हणते. भावोजी काहीच म्हणत नाहीत, आणि माझ्या मते तोच पुरावा.

हे बोट आता ताईच्या मुलीकडे आलं आहे. माझी भाची तेरा वर्षांची. ती बॅले शिकते. चारकोपमधली मुलगी बॅले कशी शिकते, असं मला लोक विचारतात. मी सांगतो, सेक्टरच्या मागच्या रस्त्यावर एक जिम आहे, जिमच्या वर एक हॉल आहे, हॉलमध्ये आरसे आणि एक लाकडी दांडा आहे. आणखी काय लागतं? आमच्या खानदानात नाच म्हणजे अनवाणी पायांनी गणपतीपुढे, तोही तोंडात मोदक असताना. त्यामुळे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सोफ्यावर चढून करून पाहिलं. पुढचे दोन दिवस मी ऑफिसात टाचांवर चालत होतो.

तर त्या टोकावर उभं राहायला खास बूट लागतात. पॉइंट शूज. भाची दोन वर्षं मऊ चपट्या सपाता घालून या बुटांची वाट बघत होती. जून महिन्यात तिच्या टीचरनी सांगितलं की रविवारी बूट घालून दाखवायचे. बूट पायाला नीट बसला आणि घोटा डळमळला नाही, तर यंदाच्या कार्यक्रमात पॉइंटवर नाच. नाहीतर सपातांत, मागच्या रांगेत, लहान मुलींबरोबर. झाड म्हणून.

"झाड वाईट नसतं," मी म्हटलं. "मी दोनदा झाड झालोय. एकदा तर मला टाळ्या मिळाल्या."

"मामा, प्लीज," भाची म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी झाडाचा विषय तिथेच तोडला.

आता ताईचा सिद्धांत सांगायला हवा, कारण सगळी भानगड त्याच्यात आहे. खरं तर सिद्धांत आमच्या बाबांचा. बाबा गिरणीत होते. जूनमध्ये ते आम्हाला बूट घ्यायला न्यायचे, बूट पायात चढला की खाली वाकायचे आणि बुटाच्या टोकावर स्वतःचा अंगठा दाबायचे. अंगठ्याएवढी जागा रिकामी लागली की बूट पास. "पाय वाढतलो, बूट वाढूचो नाय," असं दुकानदाराला सुनावायचे, जणू तो उलटं म्हणत होता. मग ती रिकामी जागा भरायला गिरणीतला कापूस. पहिल्या वर्षी कापसाचा गोळा मोठा, दुसऱ्या वर्षी लहान, तिसऱ्या वर्षी कापूस संपायचा आणि बूटही. नीट बसणारा बूट आम्हाला मध्ये जेमतेम दोन-तीन महिने मिळायचा.

शाळेच्या संचलनात पुढच्या रांगेतल्या ताईने पाय उचलला आणि तिचा बूट कापसासकट उडून पाहुण्यांच्या टेबलावर पडला, ही गोष्ट मी सगळ्या समारंभांत सांगतो. साभिनय. दरवर्षी तो बूट थोडा लांब उडतो.

पण बाबांचं वेड ताईने जसंच्या तसं उचललं. भाचीचा गणवेश वाढत्या अंगाचा, रेनकोट वाढत्या अंगाचा, सायकलसुद्धा अशी की पहिलं वर्ष ती फक्त ढकलायची. तेव्हा पॉइंट शूज घ्यायला निघालो त्या शनिवारी मेट्रोत बसल्याबसल्या ताईने जाहीर केलं, "एक नंबर मोठा घ्यायचा."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. काही लढाया रणांगणावरच लढायच्या असतात.

बूट बसवून देणाऱ्या बाई वर्सोव्यात राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात दोन भिंतींना खोके लावलेले होते, एका कोपऱ्यात दांडा, आणि उघड्या खिडकीतून कोळीवाड्यातल्या सुकत्या बोंबलांचा वास. गुलाबी साटीन आणि बोंबील! मी आत शिरताच खोल श्वास घेतला आणि म्हटलं, "वा! नृत्याला हेच पार्श्वसंगीत हवं."

"खिडकी लावू का?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नको," मी आणि ताई एकदम म्हणालो.

बाईंनी भाचीचा पाय मांडीवर घेतला, लांब बोट पाहिलं आणि हसल्या. "आईचं का?"

"आणि मामाचं," मी मोजा काढू लागलो. कोणी बघायला तयार नव्हतं.

मग बाईंनी तीन जोड टेबलावर ठेवले. पहिला जुन्या पद्धतीचा. याच्या पुढची डबी, जिच्यात बोटं उभी राहतात, ती कापड, कागद आणि खळ यांची. मी हातात घेतला तर सुंदर होता, पण डबी दाबल्यावर आत गेली. बाई म्हणाल्या, हा फक्त दाखवायला ठेवलाय. आपल्याकडच्या दमट हवेत खळीला ओल धरते, त्यात घाम, आणि डबी मऊ पडली की बूट मेला. "चहात बुडवलेला बटर," मी म्हटलं. बाईंना ते पटलं.

दुसरे दोन नव्या जातीचे. त्यांत खळ नाही, कागद नाही. डबी आणि तळव्याखालचा कणा, दोन्ही एक प्रकारच्या चिवट प्लास्टिकचे, आत फोमची गादी, वर तेच गुलाबी साटीन. म्हणजे वरून राजकन्या, आतून बादली. मी तिन्ही बूट टेबलावर आपटून पाहिले. खळीचा बूट टक्‌ असा वाजला. नवे दोन्ही नुसते धप्‌ म्हणाले.

"आवाज कमी येतो यांचा," बाई म्हणाल्या. "स्टेजवर बरं पडतं. ते आपटणं आता पुरे."

दोन्ही नव्यांत मात्र फरक होता. एकाचं तोंड रुंद, मढला जाणाऱ्या फेरीबोटीसारखं चौकोनी. ज्यांची बोटं एका रांगेत सरळ असतात त्यांना हा छान, उभं राहायला भरपूर जागा. दुसऱ्याचं नाक कोळ्यांच्या होडीसारखं निमुळतं. लांब बोटाला मधोमध टोक मिळतं आणि बाजूची बोटं त्याला बिलगून राहतात. याच्या कण्याचीही गंमत होती: तो आतून काढून कमी-जास्त ताठपणाचा घालता येत होता. फार ताठ असला तर मुलगी टोकावर चढतच नाही, फार मऊ असला तर टोकावरून पुढे कलंडते.

भाचीने आधी फेरीबोट घातली. लांब बोट मुडपलं. मग होडी घातली, दांडा धरला, हळूच वर चढली आणि खाली आली. तिचा चेहरा बघून मला कळलं की आपण निघायला हरकत नाही. पण ताई वाकली आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबला.

"जागाच नाही," ती म्हणाली.

"नसतेच," बाई म्हणाल्या. "बोटं सरळ, आणि टोकाला टेकलेली. चढल्यावर टाचेशी कापडाची बारीकशी चिमूट येते, तेवढीच."

"आणि टिकतात किती?"

"जुन्यांपेक्षा पुष्कळ. प्लास्टिक आहे, मऊ पडत नाही."

झालं. बाईंनी ताईच्या हातात तलवार दिली. "बघा! जुना बूट पाय वाढायच्या आधीच मरायचा, तेव्हा मापाचा घेणं ठीक होतं. हा टिकणार. पोरीचा पाय सहा महिन्यांत वाढेल आणि बूट तसाच नवाकोरा बसेल कपाटात. टिकाऊ आहे म्हणूनच एक नंबर मोठा घ्यायचा. आहे की नाही?"

खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं. ताईचे युक्तिवाद असेच असतात, आत शिरल्यावर बाहेरचं दार सापडत नाही.

"मोठा घेऊन गरम करून आवळता येत नाही का?" तिने पुढे विचारलं, कारण बाईंनी मघाशी सांगितलं होतं की हा बूट हेअर ड्रायरने गरम करून पायावर गार होऊ दिला की पायाचा आकार धरतो.

"आकार धरतो, नंबर नाही बदलत," बाई म्हणाल्या. त्यांनी ताईच्या समाधानासाठी एक नंबर मोठा जोड आणला. भाचीने तो घातला, दांडा धरला आणि चढली. टाचेशी चांगली मूठभर झोळी पडली. पाय आत घसरून सगळं वजन त्या एका लांब बोटावर आलं असणार, कारण तिने ओठ आत ओढले.

"कसा आहे?" ताईने विचारलं.

"हा पण बरा आहे," भाची म्हणाली.

खोटं बोलत होती. तिला माहीत होतं की आता हो म्हटलं नाही तर आई म्हणेल, मग पुढच्या वर्षी बघू. दुखरा बूट चालेल, पण झाड नको. मी हौशी नाटकांत वीस वर्षं काढली आहेत. इतकं वाईट खोटं मी स्टेजवरही पाहिलेलं नाही. ताईलाही ते दिसलं असावं, पण बाबांचा अंगठा तिच्या मानगुटीवर होता.

तेव्हा मी माझं एकमेव अस्त्र काढलं, ते म्हणजे डिवचणं.

"ताई, पाय तुझा आणि तिचा सारखाच. मापसुद्धा जवळजवळ तेच. तू घालून बघ ना. की घाबरलीस?"

"चल रे, काहीतरीच! माझं वय काय?"

"संचलनात उडाला होता तेव्हाही हेच म्हणाली असतीस तर पाहुणे वाचले असते."

"तू मेल्या गप बस," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसून चपला काढल्या. तिला घाबरली म्हटलेलं लहानपणापासून चालत नाही.

बाईंनी बजावलं, उभं राहायचं नाही. बसूनच बोटांची टोकं जमिनीला टेकवायची आणि दाबायचं. त्यांनी आधी मोठ्या नंबरचा नमुन्याचा बूट चढवला. ताईने दाबलं आणि "आई गं!" करून पाय वर घेतला. "सगळं बोटावरच येतंय की!"

"उभी राहिल्यावर सगळं अंग येतं," बाई म्हणाल्या.

मग मापाचा. बाईंनी तो बेताने टाचेवर ओढला. ताईने पाय टेकवला. दाबला. पुन्हा दाबला. मी टोमणा तयार ठेवला होता, पण तिचा चेहरा बघून तो गिळला. ती पायाकडे अशी बघत होती, जणू तिथे कोणी तरी अनोळखी पण चांगलं माणूस येऊन बसलं आहे.

"हे असं धरून ठेवतात?" तिने विचारलं.

"मापाचा बूट असाच असतो," बाई म्हणाल्या.

"मला माहीत नव्हतं."

माझी नजर खुर्चीखाली तिने काढलेल्या चपलांवर गेली. तिचा पाय वाढायचा थांबून तीसेक वर्षं झाली, पण चपला एक नंबर मोठ्या होत्या. टाचेमागे दोन बोटं जागा. म्हणून ही बाई आयुष्यभर फटक-फटक चालते, आणि आम्ही त्याला तिचा स्वभाव समजत होतो.

"वाढला पाय तर?" तिने शेवटचा प्रयत्न केला, पण आवाजात दम नव्हता.

"तर वाढला," मी म्हटलं. "पुढचा मी घेईन."

"तू कशाला घेशील? मी मेले नाही अजून," ताई म्हणाली. मग भाचीकडे वळली. "आणि तू गं? दुखत होतं तर 'बरा आहे' काय म्हणालीस?"

"तू 'नाही'च म्हणाली असतीस, आई."

ताईने पायातला बूट काढून बाईंच्या हातात दिला. "म्हणाले असते," ती म्हणाली. "मापाचा द्या हो. होडीवाला."

बाईंनी ड्रायर लावला. बूट गरम झाला, भाचीच्या पायावर चढला, आणि ती दांडा धरून त्यात उभी राहिली, बूट गार होईपर्यंत. रात्री रिबिनी ताईने शिवल्या. भाचीने त्या नाचणारीनेच शिवायच्या असतात असं सांगून पाहिलं, पण सगळं एकाच दिवशी सोडायचं म्हणजे माणसाने जगायचं कसं?

रविवारी पालकांना हॉलच्या दाराबाहेर उभं केलं होतं. दाराला काच होती आणि काचेवर माझं आणि ताईचं नाक. टीचर भाचीजवळ आल्या, खाली बसल्या, तिला वर चढायला सांगितलं. ती चढली. टीचरनी टाचेशी साटीन चिमटीत धरलं. बारीकशी चिमूट. घोटा बघितला. उजवा, मग डावा. शेजारी खालून बारीक आवाज येत होता, म्हणून मी पाहिलं तर ताईच्या चपलेत तिची बोटं ताणलेली होती आणि चपला टाचेवर आपटत होत्या.

टीचर उठल्या. काय बोलल्या ते काचेतून ऐकू आलं नाही. पण भाची एकदम आमच्याकडे वळली आणि टोकावर उभी राहूनच हात हलवू लागली, तेव्हा त्या जे ओरडल्या ते नीट ऐकू आलं: "दांडा सोडायचा नाही!"

घरी जाताना ताई बाजारात एका चपलांच्या दुकानापाशी थांबली. "आलेच," म्हणाली आणि आत गेली. आम्हीही गेलो. तिने काळी साधी चप्पल मागितली. दुकानदाराने नेहमीचा नंबर विचारला, तिने सांगितला, आणि मग म्हणाली, "नाही, थांबा. एक लहान."

चप्पल पायात घालून ती उभी राहिली. सवयीने वाकली, चपलेच्या टोकावर अंगठा दाबायला गेली. अंगठ्याला जागा नव्हती. लांब बोटच तिथवर पोचलेलं होतं.

"लहान होत असेल तर नेहमीचा देऊ?" दुकानदार म्हणाला.

"नको," ताई म्हणाली. "पाय आता वाढायचा नाही. हाच द्या."

आणि दुकानातून बाहेर पडून ती पुढे चालू लागली. आवाज न करता. भाची आणि मी मागे. दोनदा तर वाटलं, गेली की काय कुठे.