दोरीचं कॉम्प्लेक्स

बालाघाटात अशी एकही मोकळी जागा नसेल, जिच्यावर आमच्या टेंटवाल्या काकांनी मनातल्या मनात मांडव घालून पाहिला नसेल. ते नात्याने माझे कोणी नाहीत. जुन्या बाजारओळीत आईची फॉल-पिकोची गुमटी, म्हणजे लहानशी टपरी, होती आणि तिच्या मागे काकांचं टेंट हाउसचं गोदाम, एवढंच नातं. पण बाबा तिरोडीच्या खाणीवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसाने करायच्या कितीतरी गोष्टी काकांनी केल्या, आणि प्रत्येक वेळी आधी त्या जागेचं माप घेतलं. माप त्यांच्या पावलांचं. उंच, वाळलेला, थोडा पुढे झुकलेला माणूस. रस्त्याने साधा चालत असला तरी ओठ हलत असायचे, कारण मोजणं सुरू असायचं. मध्येच कोणी राम राम किंवा जय भीम केला तर ते उत्तर देत नसत. हाताने थांबायची खूण करायचे, आकडा पूर्ण करायचे आणि मग तेवढीच पावलं परत येऊन घरच्या सगळ्यांची विचारपूस करायचे. नव्या माणसाला ते घमेंडी वाटत. जुनी माणसं त्यांचा आकडा संपेपर्यंत उभी राहत.

जागा केवढी हे ते फुटांत सांगत नसत, जेवणाची किती पानं बसतील यात सांगत. मी बारावी पास झाले तेव्हा कॉलेजात नाव घालायला कोणी जायचं हा प्रश्नच होता, कारण आमच्या घरातलं कोणी त्या फाटकाच्या आत कधी गेलं नव्हतं. काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत आले. मी फॉर्म धरून दारातच थांबले होते, आणि काका सभागृहाच्या छताकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "घाबरून काहून राह्यली? सव्वाशे पान बसन इथं, जास्त नाही. आपण तं पाचशेचे मांडव घातले." एका वाक्यात कॉलेज एवढंसं झालं. मी आत गेले.

लग्नात त्यांनी नवरा-नवरीकडे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ते वर पाहतात. माणसंही त्यांना चेहऱ्याने आठवत नाहीत, मांडवाने आठवतात. आईची ओळख झाली त्या दिवशी ते म्हणाले होते, "वयनी, तुमचं लग्न लालबर्ऱ्यात झालं ना? निळी झालर होती. जेवणाच्या टायमाले वारा सुटलता." आईला स्वतःच्या लग्नातला वारा काही आठवेना. बाबा शनिवारी आल्यावर तिने विचारलं, तर ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हौ, सुटलता." आणि गाठी. काकांच्या गाठींवर एक वेगळा लेख होईल. माझ्या कॉलेजच्या बॅगेची चेन तुटली तेव्हा त्यांनी तिला मांडवाची बारीक दोरी बांधून दिली. एका झटक्यात सुटायची आणि एरवी कशाने सुटायची नाही. "गाठ अशी माराची," ते म्हणायचे, "का सोडताना तोंडातून शिवी नाही निघाली पाहिजे." वर्गातल्या दोन मुलींनी ती बॅग कुठे मिळते असं विचारलं होतं.

तर अशा माणसाच्या गोदामासमोर एक दिवस मोठा फ्लेक्स लागला. जुनी बाजारओळ आणि तिच्यामागची घरं पाडून तिथे कॉम्प्लेक्स होणार होतं. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर राहायचे फ्लॅट. चित्रात सगळीकडे काच होती, आमच्या जिल्ह्यात कोणी न पाहिलेली झाडं होती, आणि गोरी गोरी माणसं हातात पिशव्या घेऊन हसत चालली होती. महिनाभर ओळीत दुसरा विषय नव्हता. किराणावाले खूश, कारण त्यांना दोन दुकानं मिळणार होती. कॉलेजातली मुलं सरकत्या जिन्याच्या आशेवर होती. पानवाला मात्र फ्लेक्ससमोर उभा राहून मान हलवायचा. "इतक्या काचीत लोक थुंकतीन कुठं? आन थुंकाले जागा नसन तं पान खातीन काहून?" आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. त्यांची चिंता वड्यांची होती. "वड्या वाळू घालाले गच्ची कोणाची? तिसऱ्याची का चवथ्याची?" त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, आणि चौथ्या मजल्यावर कोण येणार हे ठरलेलं नसतानाही त्यांचं त्याच्याशी भांडण सुरू झालेलं होतं.

सगळे चित्र पाहत होते. नकाशा कोणी पाहत नव्हतं. तो नगरपालिकेच्या कार्यालयात भिंतीवर लावलेला होता, निळ्या रेघांचा, आणि ज्यांना मंजूर असेल त्यांनी खाली सही करायची होती. आई मला घेऊन गेली. सोबत ओळीतल्या चार बायका होत्या: बांगड्यावाली, फुलांची एक, दोघी भाजीच्या. "तू पाह्य," आई म्हणाली, "तू कॉलेजात जातं." नव्या नकाशात आमच्या वाट्याला सत्तावीस नंबरचं दुकान होतं. तो आकडा मला सापडला. त्याच्या समोर एक रुंद पांढरा पट्टा होता. "रस्त्यावर हाये ना?" आईने विचारलं. मला काही समजलं नव्हतं. तसं म्हणायला हवं होतं. पण त्या पाचही जणी माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू एवढ्या वर्षांच्या माझ्या फीचा आज उपयोग होणार आहे. मी म्हणाले, "हो, रस्त्यावरच आहे." आईने सही केली. माझ्या शब्दावर त्या चौघींनीही केली.

पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काका गोदामात कनातींच्या घड्या घालत होते. मी एक टोक धरलं. त्यांनी सहज विचारलं, "तुह्या मायच्या दुकानापासून रस्ता किती पावलं?" कनात धरल्या धरल्या मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. समजूतही काढली नाही. घडी पूर्ण केली आणि म्हणाले, "नकाशा मले बी नाही समजत. पण मले तो मांडवासारखा घालता येते. जाय, त्याच्यावरचे आकडे वहीत उतरवून आण. सही वापस घ्याले अजून टाईम हाये."

त्या रविवारी शाळेच्या मैदानावर काकांनी आणि त्यांच्या दोन गड्यांनी कॉम्प्लेक्स बांधलं. पूर्ण मापाचं. भिंती दोरीच्या, दारं म्हणजे दोन बांबू, जिना म्हणजे चुन्याच्या रेघा आणि त्याला उभी लावलेली कनात, वर मजला आहे हे समजावं म्हणून ताडपत्री. दहा वाजेपर्यंत सगळी बाजारओळ जमली. आधी लोक हसले. मग आपापले नंबर शोधायला लागले, आणि नंबर सापडल्यावर हसणं थांबलं. वरच्या मजल्याचे फ्लॅट काकांनी बाजूला जमिनीवरच मांडले होते. मास्तरीणबाई आपल्या फ्लॅटशी आल्या आणि दोरीपाशी त्यांनी चपला काढल्या. त्यांचं पाहून मागच्या बायकांनीही काढल्या. एक पोरगा दोरी ओलांडून सरळ निघाला, तर त्या ओरडल्या, "भिंतीतून कुठून येतं बे? दरवाजा तिकडे हाये." पानवाल्याने आपल्या दुकानात उभं राहून हात पसरले. दोन्ही हात दोरीला लागले.

सत्तावीस नंबर जिन्याच्या मागे होतं. मी ज्याला रस्ता समजले होते तो आतला बोळ होता. रस्ता तिथून काकांच्या पावलांनी एकवीस पावलं दूर, आणि मध्ये जिन्याची कनात. आई आत जाऊन उभी राहिली. तिने घरून धाग्याच्या रिळांचा डबा आणला होता. बांगड्यावालीने पदर पुढे केला, गर्द जांभळा. आईने डब्यातून रीळ काढलं, पदरावर ठेवलं, आणि दोघी बाहेर उन्हात आल्या. आत जांभळं वाटलेलं रीळ तपकिरी निघालं. "बल्ब लावता येईन," कोणीतरी म्हणालं. "बल्बात रंग खोटा दिसते," आई म्हणाली. मग सगळ्यांसमोर, माझ्याकडे न पाहता, "भाऊजी, हे तं म्हणे रस्त्यावर हाये."

मला जमिनीत जावंसं वाटलं. काका खाली बसून दोरीची गाठ आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "हिनंच येऊन सांगतलं मले वयनी, का मले समजलं नाही म्हणून. म्हणून तं हे घातलं. बाकी सगळ्या बाजाराले नकाशा समजला होता, त्यायनं कोणी नाही सांगतलं." किराणावाले खाली पाहायला लागले. आई माझ्याजवळ आली आणि तिने रिळांचा डबा माझ्या हातात दिला. एवढंच.

सोमवारी काका नकाशाच्या इंजिनियर साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "सायेब, तुमची बिल्डिंग तयार झाली, पाहाले या." साहेब तरुण होते. गंमत म्हणून मोटरसायकलवर आले. काकांनी त्यांना चपला काढायला लावलं नाही, मास्तरीणबाईंनी लावलं. मग काकांनी जिन्याशी एक खाट आणली आणि चार माणसं उभी केली. "सायेब, इथून नवरी उतरन, आजारी माणूस उतरन, आन एक दिवस ज्याची बारी आली तोही उतरन. कसा उतरन ते पाहू." खाटेवर कोण झोपणार यावर जरा चर्चा झाली. शेवटी मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरून मलेच आनाचं हाये, तं मीच झोपतो." त्या झोपल्या, हात पोटावर घेतले आणि सूचना देऊ लागल्या. वळणावर खाट फिरेना. पुढचे दोघे भिंतीत गेले, मागचे दोघे बोळात. खाट कलली. "अजून वाकडी केली तं मी आजच जातो," मास्तरीणबाई म्हणाल्या. लोक हसले, पण साहेब हसले नाहीत. ते खाली बसले आणि चुन्याच्या रेघेवर बोट फिरवत राहिले. "काका, ये हमको कागज पे नहीं दिखा," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "लिखकर दीजिए."

अर्ज मी लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिलं की नकाशा समजून न घेता आम्ही सही केली होती. जिना कडेला न्यावा, लहान दुकानं रस्त्याकडे तोंड करून असावीत, गच्ची सर्वांची असावी. लोक सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी कोणीतरी म्हणालं, लग्नकार्यासाठी एक पक्कं सभागृह पण मागा. सगळ्यांनी हो म्हटलं. माझा पेन थांबला, कारण आता कोणाच्याच दारापुढे अंगण उरणार नव्हतं, आणि सभागृह झालं की मांडव कशाला लागणार. काका शेजारीच बसले होते. "लिव," ते म्हणाले, "लोकायले पाहिजे तं लिव."

नवा नकाशा यायला बराच काळ गेला, पण आला. जिना कडेला गेला. सत्तावीस नंबर आता रस्त्यावर आहे आणि सकाळी साडेनऊला त्याच्या उंबऱ्यावर ऊन येतं. त्या चौघीही त्याच रांगेत आहेत. सभागृहात पंखे आहेत, बांधलेला मंच आहे, आणि गेल्या हंगामात लग्नांची रांग लागली होती. गोदाम जिथे होतं तिथे गाड्या उभ्या राहतात. काका आपलं सामान घेऊन परसवाड्याकडे गेले. तिकडच्या गावांत घरांना अजून अंगणं आहेत.

ट्रक भरायच्या दिवशी मी बांबू उचलू लागले होते. कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलेलं मी शेवटी म्हणाले, "काका, तुमचे फार उपकार आहेत." ते जरा गोंधळले. "हे कॉलेजात शिकवतेत का?" त्यांनी विचारलं, आणि पुढचा बांबू वर दिला. मग ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. "तुले आता नकाशा समजते का?"

"अर्धा," मी म्हणाले.

"मंग राह्यलेला अर्धा इचारत जा."

मी विचारते. वर्गात, बँकेत, आईला घेऊन दवाखान्यात गेले की तिथेही. सगळे मान हलवत असतात आणि मी हात वर करून म्हणते, मला समजलं नाही, परत सांगा. कधी कधी मागून कोणी हसतं. तेव्हा वाटतं, परसवाड्याची बस धरावी, आणि ज्या कोणाच्या अंगणात आज ते असतील, तिथे जाऊन दोरीचं एक टोक धरून उभं राहावं.