नकुशीचा हात

केंदूर अजून दोन कोस होतं आणि सुषमाची गिटार नकुशीच्या खांद्यावर होती, जुन्या चादरीत लेकरासारखी गुंडाळलेली. एस.टी. चुकली म्हणून शिक्रापुरातून पायीच निघाल्या, तेव्हा सुषमानंच म्हटलं होतं, "माझा खांदा दुखतोय, तू घे." आता मागून चालताना तिला वाटत होतं, येणारा-जाणारा काय समजेल? ज्याच्या खांद्यावर, त्याचीच.

दोघी सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या आणि शेवंताबाईंच्या चाळीत एका खोलीत राहायच्या. सुषमा दौंडकडच्या फुलमळेवाल्याची लेक. नकुशी केंदूरच्या हौसरावांची. मेंढरं विकून त्यांनी आता शेती धरली होती.

शेजारच्या खोलीतला केरळचा फिटर जोस गावी परतताना गिटार सुषमाला देऊन गेला, कारण भजनं ती म्हणायची, सूर तिला होता. जाण्याआधी त्यानं एक ठेका शिकवला. खाली, खाली वर, वर, खाली वर. दोन 'वर'च्या मधे हात खाली यायचा, पण तारेला शिवायचा नाही. "हाथ मत रोको, बहन," सांगून सांगून जोस थकला. सुषमाचा हात नेमका तिथंच थांबायचा आणि ठेका लंगडायचा.

महिनाभर तिनं हात घासला. नकुशी बाजूला भाकऱ्या थापायची. एका रविवारी म्हणाली, "बघू गं, मला दे." आणि तिसऱ्या फेरीला ठेका बसला.

सुषमानं गिटार ओढून परत घेतली. "कुठं शिकलीस गं भवाने?"

"शिकतीय कुठं! आप्पा मेंढरं कातरायचे तवा मी पाय धरायची. मधी लोकर नसली तरी कातर चालूच, मोकळीच वाजती. थांबली की मेंढरू बिथरतं."

सुषमानं आपल्या हातांकडं पाहिलं. झेंडू खुडायचा, थांबायचं, ओटीत टाकायचा. पुन्हा खुडायचा, पुन्हा थांबायचं. लहानपणापासून हे हात थांबायलाच शिकलेले.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा आणि गाणी-बजावणी असते. सुपरवायझर आनंदरावांनी दोघींचं ऐकलं आणि म्हणाले, "नकुशी वाजवेल. सुषमाताई, तुमची गिटार द्याल ना?"

द्याल ना! सुषमा हसली, "देईन की." त्याच संध्याकाळी तिनं तारा छेडायचा तो प्लॅस्टिकचा तुकडा कुंकवाच्या करंड्यात लपवला. नकुशीनं खूप शोधला, मग तेलाच्या रिकाम्या डब्याचं झाकण कापून तसलाच दुसरा केला. आवाज उलट जास्तच गोड आला.

तेव्हा शेवंताबाईंच्या घटापुढं हात जोडून सुषमा मनात म्हणाली, "आई, मला वाजवता येऊ दे नायतर राहू दे. पण एकदा तरी कुणी म्हणू दे, ही गिटार सुषमा वाजवती." मागितलं आणि लाज वाटली. पण मागणं काही तिनं परत घेतलं नाही.

आज सातवी माळ. नकुशीच्या घरचे घट बघायचे, एक रात्र राहायचं आणि तिथल्या रानात सराव करायचा, असं ठरलं होतं. चालतानाही नकुशीचा मोकळा हात मांडीवर ठेका धरत होता. आपली पावलं त्याच ठेक्यात पडतायत हे कळल्यावर सुषमा मुद्दाम पाय बदलून चालली.

गावाबाहेरच्या लिंबाखाली नकुशी थांबली. गिटार उतरवून तिनं सुषमाच्या हातात दिली.

"सुषे, एक मागू?"

"माग की. गिटार तर घेतलीसच, आता काय नथ मागतीस?"

नकुशी हसली नाही. "आप्पा म्हंतात, वाजवायचं काम गड्यांचं. मी वाजवते कळलं तर परवाचं बी बंद आन् कंपनी बी बंद. घरात बसवतील मला. तू परक्याची लेक, तुला काय न्हाई म्हणायचे."

"मग?"

नकुशीनं चादरीची गाठ सुषमाच्या खांद्यावर नीट बसवली. सुषमाला घटापुढचं आपलं मागणं आठवलं, शब्दाला शब्द.

"आप्पांनी इचारलं, हे कोण वाजवतं, तर म्हण, मी वाजवते. आन् वाजवून दाव म्हणाले तर दाव. हात थांबला तरी चालंल गं, पण गिटार तुझीच हाय म्हणून सांग."