आमच्याकडे मॉनिटर नव्हता

आमच्या घरी कॉम्प्युटर होता, पण त्याला मॉनिटर नव्हता. नवीन कोणी घरी आलं की विचारायचं, "पडदा दुरुस्तीला दिलाय का?" आणि मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं की गप्प व्हायचं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिसत नाही. जन्मापासून असं नव्हतं. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. चाळिशीच्या सुमारास नजर कडेकडेने जायला लागली, आणि शेवटी खिडकीतला उजेडही कळेनासा झाला. नोकरी सुटली. नंतरचे काही महिने मला आठवायला आवडत नाहीत.

मग ते एका संस्थेत जाऊन कॉम्प्युटर शिकले. पडद्यावर जे काही असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. कुठलंही बटण दाबलं की तो सांगतो. बोटांना कीबोर्ड पाठच होता, फक्त डोळ्यांचं काम कानांनी करायचं. ह्यांनी त्या आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला नुसती गुणगुण ऐकू यायची. ह्यांना मात्र शब्दन् शब्द कळायचा. एका कंपनीकडून मुलाखतींची, व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज यायची. ती ऐकून हे मराठीत टाइप करून पाठवायचे. एका कानात भाषण, दुसऱ्या कानात तो आवाज. सकाळी बुद्धवंदना झाली की बसायचे, ते मी शाळेतून येईपर्यंत. मी घराजवळच, कर्वेनगरमधल्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. येऊन चहा टाकला की दिवसभर कोण काय बोललं ते मला सांगायचे. डॉक्टर, कीर्तनकार, जुने पैलवान. घरबसल्या ह्यांना माझ्यापेक्षा जास्त माणसं भेटायची.

एक दिवस कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर त्यांची साइट उघडणार नव्हती. ह्यांनी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, सगळ्यांनाच अपग्रेड करावं लागणार आहे. सिंपल आहे, कोणालाही सांगा, करून देतील."

मी बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मशीन किती जुनं आहे ते सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, "काकू, ह्याला नवी सिस्टीम कशाला? शाल-श्रीफळ द्या."

"आमच्या घरचं काम त्याच्यावर चालतं," मी म्हटलं. "ह्यांना दिसत नाही. ऐकून काम करतात."

ते म्हणाले, "मशीन ठेवून जा. आठवड्याने बघतो."

तेवढे दिवस मशीन देणं शक्य नव्हतं, हातात काम होतं. शेवटी त्यांनी एका पेन ड्राइव्हवर नवी सिस्टीम भरून दिली आणि कसं करायचं ते समजावलं. "सिस्टीम बसेल. बोलेल की नाही, ते मला विचारू नका."

नवी सिस्टीम बसत असताना कॉम्प्युटर मुका असतो, तेव्हा कोणीतरी बघून सांगायला हवं. म्हणून मॉनिटर हवा. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी लॉकडाउनमध्ये मुलीच्या शाळेसाठी घेतला होता. "खुशाल न्या," त्या म्हणाल्या, "फक्त गुरुवारी परत द्या, तिची परीक्षा आहे."

रविवारी सकाळी आम्ही बसलो. ह्यांना सगळ्या पायऱ्या माहीत होत्या, मला डोळे होते. पण माझं इंग्रजी अडखळत चालणारं.

"अगं, शब्द गाळू नकोस. जसं आहे तसं वाच."

"वाचतेय ना. इतकं लांबलचक लिहिलंय."

"आधी बटणं वाच. खाली काय काय आहे?"

एके ठिकाणी लिहिलं होतं की इथलं सगळं पुसलं जाईल. मी थांबले. "काढून ठेवलंय मी सगळं," हे म्हणाले. "दाब." मी दाबलं. मग आकडे सरकायला लागले. मी ते वाचत होते आणि हे कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून बसले होते. "फिरतोय," म्हणायचे. "गरम झालाय." मधेच मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं तेव्हा मी दचकले, तर मला म्हणाले, "असंच होतं. घाबरू नकोस." त्या दिवशी ते खुशीत होते. माझ्याकडून काम करून घेताना त्यांचा जुना कचेरीतला सूर परत आला होता.

शेवटी पडद्यावर निळं चित्र आलं. मी म्हटलं, "झालं वाटतं."

ह्यांनी कानाला हेडफोन लावला, आवाज सुरू करायची बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मग हेडफोन काढून उलटा करून लावला. बोटं कीबोर्डवर भराभर फिरत होती आणि चेहरा पार उतरला होता. "काय दिसतंय?" मला विचारलं. मी सांगितलं, चित्र दिसतंय. "चित्राचं काय करू मी?" असं म्हणाले आणि लगेच, "तुला नाही बोललो," म्हणाले.

जुन्या मशीनचा आवाजाचा भाग नव्या सिस्टीमला ओळखता येत नव्हता. दुकानदारांना फोन केला, त्यांनी काय शोधायचं ते सांगितलं, भाभींच्या मुलीने येऊन ते उतरवून दिलं, तेव्हा दुपारी एकदाचा आवाज फुटला. पण तो जुना आवाज नव्हता. तो नव्या सिस्टीमवर चालत नाही म्हणे. हा दुसराच, आणि तो मागे राहायचा. जुन्या मशीनला नव्या सिस्टीमचं ओझं झेपत नव्हतं. ह्यांनी शब्द टाइप करून पुढे जावं आणि मागून त्याचं पहिलं अक्षर ऐकू यावं. "माझं बोट पुढे आणि हा मागे," हे म्हणायचे. वेग कमी केला, तरी अंतर राहिलंच. काम होत होतं, पण पूर्वी दुपारपर्यंत संपणारी फाईल संध्याकाळ खायची. चहाच्या वेळी माणसांच्या गोष्टी बंद झाल्या. गुरुवारी मी मॉनिटर परत केला.

महिना गेला असेल. शाळेत प्रवेशाची गडबड होती, खिडकीसमोर पालकांची रांग. ह्यांचा फोन आला.

"बंद पडलाय. मधेच गप्प झाला."

"आतला पंखा ऐकू येतोय का?"

"येतोय. पण काही दाबलं तरी बोलत नाही."

"थोडं थांबा. सुटल्यावर मी येते, वरून मॉनिटर आणते."

"अगं, संध्याकाळी फाईल द्यायचीय. अर्ध्याहून जास्त झालीय."

रांगेतल्या एका बाई पेनाने काच ठोकत होत्या. मी फोन ठेवला.

ते बरेच थांबले होते, त्यांनी मला नंतर सांगितलं. मग बटण दाबून धरून मशीन बंद केलं. चालू केलं, तरी आवाज नाही. पुन्हा बंद केलं. मी घरी येऊन मॉनिटर जोडला तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ होती, सिस्टीम सापडत नाही अशा अर्थाची. मी ती वाचली. हे म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. मग त्यांनी वायर काढायला सांगितली.

मशीन रिक्षात घालून मी दुकानात नेलं. दुकानदारांनी उघडून तपासलं. नवी सिस्टीम मधेमधे स्वतःच स्वतःला दुरुस्त करते, ते चालू असताना मशीन बंद केलं गेलं होतं, आणि आतली डिस्क आधीच थकलेली. ती गेली.

"तेव्हा बंद करायचं नसतं, काकू. समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी खाली ठेवला.

"हो," मी म्हटलं. "लिहिलेलं असतं."

कंपनीतली मुलगी फोनवर गोडच बोलली. "इट्स ओके सर, ती फाईल आम्ही दुसऱ्यांना दिली." पुढे म्हणाली की आता बरंचसं टायपिंग सॉफ्टवेअरच करतं, माणसं लागतात ती स्क्रीनवर बघून चुका काढायला. हे म्हणाले, "बरोबर आहे आपलं."

मी म्हटलं, आपण नवा घेऊ. चांगला, वेगाने चालणारा.

"आणि तो गप्प झाला की का गप्प झालाय, ते मला कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. मी पुन्हा विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. मशीन अजून दुकानातच आहे. घेऊन जा म्हणून दोनदा निरोप आला.

हल्ली दुपारी मला शाळेत ह्यांचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी घाबरून बाहेर पळाले होते.

"काय झालं?"

"काही नाही. तू बोल काहीतरी."

मी व्हरांड्यात उभी राहून समोर जे दिसतं ते सांगते. आज बालवाडीच्या बाई आल्या नाहीत. नळाला पाणी नाही. एक आजोबा दाखल्यासाठी आलेत, त्यांना खुर्ची दिलीय. पलीकडून हे "हं, हं" करत राहतात. मग आतून मला हाक येते आणि फोन ठेवावा लागतो.