कांबळे सरांचे अर्धे ब्लेड

दाढीचे कोरे ब्लेड मोडून वापरणारा एकच माणूस मी पाहिला. निपाणीच्या आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारे कांबळे सर. दर रविवारी सकाळी ते एक नवे ब्लेड घेत, कागदातून न काढताच लांबीच्या दोन्ही कडांना चिमटीत धरीत आणि कागदासकट वाकवीत. 'कट्' असा बारीक आवाज होई. एका ब्लेडची दोन अर्धुके होत. एक यंत्रात जाई. दुसरे त्याच कागदात नीट गुंडाळून खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत जाई. डबीचे झाकण लागल्याशिवाय सर साबणाला हात लावीत नसत.

ही क्रिया मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या हनुवटीवर कापसाचे तीन बोळे होते. सत्तरीचे दशक मध्यावर आले होते. मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला, नोकरीसाठी नुकताच निपाणीत आलो होतो. तंबाखूच्या वखारींमागच्या एका चाळीत मला खोली मिळाली, आणि समोरच्या खोलीत कांबळे सर राहत. गावी असताना दर शनिवारी न्हावी आमच्या सोप्यात येऊन बसे. त्यामुळे दाढी ही पाऊसपाण्यासारखी आपोआप होणारी गोष्ट आहे, अशीच माझी समजूत होती. निपाणीत ती मला स्वतः करावी लागली, आणि समजूत रक्ताने धुऊन निघाली.

"काय जाधव मास्तर," सर दारातूनच म्हणाले, "हनुवटीवर तालुक्याचा नकाशा काढलाय जणू. नद्या बी दावल्यात लाल रंगानं."

मी ओशाळलो. त्यांनी मला आत बोलावले, खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले आणि एक तास घेतला. शिक्षकांची ही खोड असते. मलाही पुढे ती लागली.

वाचकांच्या माहितीसाठी त्या यंत्राची रचना सांगतो. सामान्य रेझरला दोन्ही बाजूंनी धार असते आणि त्याचे डोके दांड्यावर घट्ट बसवलेले असते. सरांच्या यंत्राला धार एकाच बाजूने. त्यात अर्धेच ब्लेड बसे. आणि त्याचे डोके एका लहानशा बिजागरीवर झुले. गालाला उतार आला की ते उताराबरोबर झुके, जबड्याची कड आली की मागे कलंडे. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या सरांच्या मेव्हण्याने ते कुणा परदेशी खलाशाकडून मिळवले होते. त्यावरचे अक्षर झिजून गेले होते, त्यामुळे ते कोणत्या देशाचे हे सरांनाही ठाऊक नव्हते.

"याचं डोकं बिजागरीवर हाय," सर म्हणत. "गाल वळला की ह्ये वळतंय. माणसाला ही सोय न्हाई केलेली."

मग नियम आले. आधी कोमट पाणी, आणि तेही घाईने नव्हे. केस भिजून मऊ व्हायला वेळ लागतो. साबण ब्रशने गोल गोल फिरवून केसांच्या मुळाशी न्यायचा. यंत्र केसांच्या कलाने फिरवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दाबायचे नाही. "हात आपला, वजन यंत्राचं. दाबलं की धार रागावती." हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या हातात बसले आहे. सातवीच्या वर्गात आवाज चढवायचा मोह झाला की आजही आठवते.

त्याच सकाळी मी दुसऱ्या अर्धुकाबद्दल विचारले. एवढा काटकसरी माणूस; पेन्सिलीच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी जोडून ती बोटभर उरेपर्यंत वापरणारा. मग पुढच्या रविवारी हेच अर्धुक का वापरू नये?

"ते माझं न्हाई," सर म्हणाले.

"मग कुणाचं?"

"पाटलाचं."

ही थट्टा आहे असे मानून मी हसलो. सर हसले नाहीत. तुरटीचा खडा गालावरून फिरवून त्यांनी आरसा खुंटीला उलटा टांगला. खुलासा कळायला मला सहा महिने लागले, आणि तोही त्यांच्याकडून नव्हे, श्रीपतीकडून.

श्रीपती हा सरांच्या गावचा, त्यांचाच माजी विद्यार्थी. निपाणीच्या एस. टी. स्टँडजवळ त्याने छोटे सलून काढले होते. त्याचे वडील नाना हे गावचे न्हावी. श्रीपतीला वस्तरा पट्ट्यावर घासून धार लावायची कला कधी साधली नाही, तेव्हा सरांनीच त्याला अर्धे ब्लेड अडकवायचा नवा वस्तरा सुचवला आणि सुरुवातीला डबीतली अर्धुके दिली. पुढे सलून चालू लागले, त्याला अर्धुकांची गरज उरली नाही. पण डबी जातच राहिली. दर बाजारच्या दिवशी गावचे पाटील निपाणीला येत आणि श्रीपतीच्या खुर्चीत बसत. त्यांची एकच अट असे: कुणाच्याही गालाला न लागलेले ब्लेड हवे. श्रीपती डबी उघडी, कागदाची पुडी पाटलांच्या डोळ्यांसमोर सोडी आणि म्हणे, "कोरं हाय बगा, आण्णा."

आणि ते कोरेच असे. यात तसूभर खोटे नव्हते. त्याच ब्लेडचे पहिले अर्धुक रविवारपासून सरांच्या गालावरून फिरत होते, एवढेच पाटलांना ठाऊक नव्हते.

मी हे सरांना सांगितले तेव्हा ते वह्या तपासत होते. "व्हय की," ते म्हणाले. "एका ब्लेडात दोघांची सोय. लोखंडाला काय कळतंय कोण कोण हाय ते? कळलं असतं तर गंजलं नसतं का?"

मग त्यांनी लाल पेन टोपणात घातले आणि गावची हकीकत सांगितली. फाटकी वही वर्गाला दाखवावी तशा सुरात सांगितली.

सातवीच्या परीक्षेचे केंद्र निपाणीला होते. केस कानांवर आले होते, आणि गुरुजींनी बजावले होते की नीट केस कापून या. दौलू, म्हणजे आपले कांबळे सर, सकाळीच चावडीपुढच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. नानांपुढे गिऱ्हाइकाला बसायला पोते अंथरलेले होते आणि भोवती गर्दी होती. नाना त्याला नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "थांब रं दौल्या. लागंल तुझा नंबर." एक गेला, दुसरा आला. दुपारी पाटलांची म्हैस आली, तिचेही केस भादरून झाले. "थांब रं." दिवस कलला, नानांनी वस्तरा पुसून धोकटीत ठेवला, धोकटीची दोरी बांधली आणि ते घरी गेले. दौलू घरी आल्यावर त्याच्या वडिलांनी शेळ्या कातरायच्या कात्रीने त्याचे केस कापले. त्या डोक्याने तो परीक्षेला बसला आणि केंद्रात पहिला आला.

"नानानं कवा अपमान न्हाई केला हां," सर म्हणाले. "लई सभ्य माणूस. फकस्त थांब म्हणाला. मी अजून थांबलोय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर शोभून दिसेल; पण मला झोप चांगली लागली. सकाळी दाढी करताना मात्र एक प्रश्न पडला. उचगावी आमच्या सोप्यात येणारा न्हावी गावाच्या खालच्या बाजूला जात असे का? वीस वर्षे मी त्याच्यापुढे मान वाकवून बसलो होतो. हे मी त्याला कधी विचारले नव्हते.

श्रीपती सरांना नेहमी बोलावी. "सर, एक डाव खुर्चीवर बसा की. तुमच्या पायाची धूळ लागू द्या दुकानाला."

"पायाची धूळ कशाला? डोस्क्याचं बोल," सर म्हणत. "आणि नंबर माझा तुझ्याकडं न्हाई रं. तुझ्या बापाकडं हाय. त्याला म्हणू दे."

नाना गावातच होते आणि त्यांनी कधी म्हटले नाही. शाळेत, विहारात, निपाणीच्या बाजारात सरांना मान होता. बेळगावच्या शिक्षण खात्यातले साहेबही त्यांना उठून खुर्ची देत. त्यांना हवी होती ती खुर्चीही नव्हती. लिंबाखालचे पोते होते. पंधरा वर्षे मी शेजारी राहिलो. त्यांना दुसरी कोणतीही हाव असल्याचे मला आढळले नाही.

ऐंशीचे दशक संपत आले असताना सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे राहिले, पण अर्ध्या तोंडातून येई. मोजून आठवडाभर त्यांनी वाढलेली दाढी सहन केली, मग मला बोलावले.

"मास्तर, शिकवलेलं किती ध्यानात हाय बघू."

मी सर्व नियम पाळले. स्वतःच्या गालाचे नियम दुसऱ्याच्या गालावर लागू पडत नाहीत, हे कोणी शिकवले नव्हते. मी दाबले. सरांच्या हनुवटीवर थेंब आला.

"पुन्ना नकाशा," सर म्हणाले. "पंधरा वर्सात काय शिकलासा मग?"

श्रीपती येतो म्हणाला, तर त्यालाही नकार. "तुझी पाळी न्हाई." दाढी वाढत गेली. शेजारच्या बायका म्हणू लागल्या, सरांनी काही व्रत धरले काय. मला मात्र दिसत होते की आता थांबायला त्यांच्याकडे फार दिवस उरले नव्हते.

एका बाजारच्या दिवशी सकाळी दारात नाना उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, डोक्याला पटका, काखेत धोकटी. मागे श्रीपती. नाना उंबऱ्याच्या बाहेर थांबले आणि बोलेनात. पुष्कळ वेळाने मला कळले की अडचण हाकेची आहे. दौल्या म्हणावे तर तोंड उघडेना, आणि दुसरे नाव त्यांनी कधी घेतलेच नव्हते.

"या नाना," सर आतून म्हणाले. "बसा."

नाना आले. जमिनीवर टेकले. "पोरगं सांगत हुतं," ते म्हणाले. "तुमास्नी... हाताचं झालंय म्हणून. करू काय मी?"

सर म्हणाले, "म्हंजे नंबर लागला म्हणायचा माझा."

नानांनी मान खाली घातली. "लागला. लई येळ लावला मी."

"मग काढा वस्तरा."

नानांनी धोकटीची दोरी सोडली. आत कात्री होती, वाटी होती, पितळी आरसा होता. वस्तरा नव्हता. त्यांनी उजवा हात पुढे केला. तो वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. "दोन वरीस झालं, वस्तरा धरवत न्हाई. पोरानं काढून घेतला. कुणाचं तरी नरडं जाईल म्हणला."

सरांच्या अर्ध्या तोंडातून असे हसू आले की मी घाबरून उठलो. "बघा मास्तर! चाळीस वर्सं थांबलो, आणि माझा नंबर आला तवा वस्तराच न्हाई!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मग नानाही हसले. श्रीपती तेवढा हसला नाही.

"मास्तर, यंत्र द्या नानास्नी."

मी ब्लेड मोडले. एक अर्धुक यंत्रात घातले. नानांनी ते खेळणे उलटसुलट पाहिले. गावभरच्या गालांवर हात फिरवलेल्या त्या माणसाला सरांनी पडल्या पडल्या धडा दिला: "दाबू नका. हात तुमचा, वजन यंत्राचं. थरथरू दे हात. त्येचं डोकं बिजागरीवर हाय, त्ये संबाळून घेतंय."

आणि खरोखरच तसे झाले. हात हलत होता, यंत्राचे डोके त्या हलण्याबरोबर झुलत होते, आणि धार गालावरून सरळ चालली होती. मी अर्धा तास पाहत होतो. एक थेंब आला नाही. शेवटी नानांनी तुरटी फिरवली आणि रीतीप्रमाणे पितळी आरसा दोन्ही हातांनी धरला. आरसा इतका हलत होता की त्यात काही दिसणे शक्य नव्हते. सरांनी मात्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "झ्याक."

त्यानंतर नाना दर बाजारला येऊ लागले. सात बाजार आले. पाटलांची डबी सरांनी बंद करवली. श्रीपतीने कारण विचारले तर म्हणाले, "गंमत सरली रं."

आठव्या बाजाराला नाना आले तेव्हा खोलीत माणसे जमली होती. सर पहाटेच गेले होते. विहारातली मंडळी वंदनेची तयारी करीत होती. नाना उंबऱ्यावर बसले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी मला खूण केली.

"मास्तर, दाढी वाडलीया सरांची. करू काय?"

सरांना 'सर' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले. मंडळी बाजूला झाली. मी कोमट पाणी आणले, कागदासकट ब्लेड वाकवले, 'कट्' आवाज झाला, एक अर्धुक यंत्रात घातले. नानांनी सावकाश, केसांच्या कलाने, न दाबता दाढी केली. यंत्र धुऊन, पुसून माझ्या हातात दिले.

मी दुसरे अर्धुक कागदात गुंडाळून डबीत टाकू लागलो. इतकी वर्षे पाहिलेली सरांची सवय. नानांनी माझे मनगट धरले.

"ते द्या हिकडं."

"कशाला, नाना?" श्रीपती हळू आवाजात म्हणाला. "मयताच्या ब्लेडातलं हाय ते."

"ठावं हाय," नाना म्हणाले. त्यांनी ती पुडी पटक्याच्या शेवात घातली, गाठ मारली, आणि स्वतःच्या पांढऱ्या खुंटांवरून हलता हात फिरवला. "माजी दाढी राहिलीया."