स्वरलिपी वाचणारी हेडा

हेडा लिंडक्विस्ट मिनिआपोलिसच्या लुथरन चर्चमध्ये सोळा वर्षं ऑर्गन वाजवत होती. एकोणीसशे छप्पन साली गावातल्या एका टीव्ही केंद्राने रविवारी दुपारी वाद्यवृंद थेट दाखवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच महिन्यात फजिती झाली. दिग्दर्शक मॉर्ट फिशबाइन मूळचा बेसबॉलचे सामने दाखवणारा. चेंडू कुठे जाणार हे त्याला कळे, सूर कुठून निघणार हे कळत नसे. कॅमेरा बासरीवाल्यापर्यंत पोचे, तोवर तो बिचारा वाजवून झाल्यावर नाक पुसत असे.

पाद्रीबुवांनी हेडाचं नाव सुचवलं. काम एवढंच, की नियंत्रण कक्षात मॉर्टच्या शेजारी बसून मांडीवरची स्वरलिपी वाचायची आणि पुढचं वाद्य आधीच सांगायचं. "चार आवर्तनांनी बासरी. तीन. दोन..."

"अहो मिस लिंडक्विस्ट, चर्चमधल्यासारखं पुटपुटू नका! ओरडा!" पहिल्या दिवशी मॉर्ट खेकसला.

"मी ओरडत नसते. तुम्ही जरा थांबलात, तर ऐकू येईल."

मॉर्ट खरंच थांबला. त्या केंद्रात असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एक संथ रचना चालू असताना एका कॅमेऱ्याचं चित्र फाटलं. दुसऱ्याची लेन्स बदलताना लेन्सा बसवलेली फिरती चकती अडकली. उरला तिसरा. तो मागच्या रांगेतल्या ओटो रेमर या म्हाताऱ्या झांजवाल्यावर रोखलेला होता. ओटोची झांज वाजायला अजून साठ आवर्तनं होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसला होता.

"हा माणूस काहीच करत नाहीये!" मॉर्टने डोक्याला हात लावला. "वळवा तो कॅमेरा! आपले प्रायोजक साबणवाले मला सोलून काढतील!"

"वळवू नका," हेडा म्हणाली. "तो मोजतोय. ओठ बघा त्याचे. अजून बावन्न."

मॉर्टने पाहिलं. ओठ हलत होते. तीन मिनिटं अमेरिकेच्या त्या कोपऱ्यातल्या घराघरांत एक म्हातारा मोजत बसलेला दिसला. मग तो उठला, तळहात पँटला पुसले, झांजा उचलल्या आणि एकदाच वाजवल्या. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

सोमवारी प्रायोजकांचा फोन आला. "आम्ही साबण विकतो, म्हातारे नाही!"

गुरुवारपासून मात्र पत्रं येऊ लागली. एका शेतकरणीने लिहिलं होतं, "माझा नवरा असलं संगीत कधी शेवटपर्यंत ऐकत नाही. या खेपेला बोटांवर मोजत बसला होता. त्या आजोबांचं पुन्हा कधी आहे?"

ओटो स्वतः टोपी हातात धरून हेडाला भेटायला आला. "बाई, तीस वर्षं माझ्या बायकोला वाटायचं, मी तिथे डुलक्या काढतो. तुमचे उपकार आहेत."

तरी दोन वर्षांनी साबणवाले गेलेच. रविवारी दुपारी जड चेंडू घरंगळवून लाकडी खुंट्या पाडायच्या बोलिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या.

"बोलिंगला स्वरलिपी लागत नाही, हेडा," मॉर्ट ओशाळून म्हणाला.

"बरंय. तुम्हाला सोपं जाईल," ती म्हणाली आणि कोट घालून घरी गेली. त्या आठवड्यात मात्र तिने ऑर्गनला हात लावला नाही.

पुढे गावातल्या शैक्षणिक वाहिनीने तिला बोलावलं. जागा तळघरात, कॅमेरे दुसऱ्यांनी टाकून दिलेले, पण जाहिरातदार कुणी नाही. त्रेसष्ट सालच्या एका प्रक्षेपणाला तिथला दिग्दर्शक तापाने फणफणला, म्हणून हेडा त्याच्या खुर्चीत बसली. बरा होऊन आल्यावर त्याने आपणहून शेजारची खुर्ची ओढून घेतली.

ती पंधरा वर्षं त्या खुर्चीत होती. हार्प वाजवणारी बाई तारा जुळवत असली, गाणारी पाणी पीत असली किंवा कुणी पुढच्या सुराची वाट पाहत असलं, की हेडा त्यांच्यावर कॅमेरा निवांत ठेवायची.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणाचा आग्रह धरला. ती उभी राहिली, सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. "कॉफी गार होतेय," एवढंच म्हणाली आणि केकची सुरी शोधू लागली.