लिनक्स शिकायला कुठून सुरुवात करू?

परवा सेनगावहून भाचीचा फोन आला. "मावशी, मी लिनक्स शिकून राहिले. पण व्हिडिओ पाहून डोकं गरगरलं. एखादं चांगलं पुस्तक सांग ना."

मला हिंगोलीतला आमचा कॉम्प्युटर क्लास आठवला; लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली मी तिथंच शिकले. मी सेनगावजवळच्या गोरेगावहून जीपनं यायची आणि माझी मैत्रीण शिरड शहापूरहून. आम्हा दोघींना मिळून एकच जुना कॉम्प्युटर होता. पुस्तक नव्हतं. सर म्हणाले, "'मॅन', म्हणजे मॅन्युअल, असं टाइप करा आणि पुढं कमांडचं नाव लिहा. सगळी माहिती मशीनच्या पोटातच आहे."

माहिती निघाली, पण इंग्रजीत. मग मैत्रीण मोठ्यानं वाचायची आणि मी मराठीत अर्थ लावायची. तिच्या वडिलांनी रचलेली भीमगीतं तिनं टाइप करून ठेवली होती. एकदा पुसायची कमांड करून पाहताना तीच फाइल तिच्या हातून उडाली.

"ह्यात कचरापेटी न्हाई का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई. गेलं ते गेलं."

तिनं नवी फाइल उघडली. मग आठवतील तशी गाणी गुणगुणत पुन्हा टाइप करू लागली. शेजारी बसलेले सगळे आपापलं काम थांबवून ऐकत राहिले. तो आवाज अजून कानात आहे.

भाचीला मी नवशिक्यांसाठीचं एक सोपं पुस्तक सांगितलं, 'मॅन' सांगितलं आणि म्हणाले, "सोबत वाचायला एखादी मैत्रीण बघ."

"पुस्तक विचारलं तर मैत्रीण काहून सांगून राहिली?" ती हसली.

काल तिचा पुन्हा फोन आला. मागून दुसऱ्या एका मुलीचा अडखळत इंग्रजी वाचण्याचा आवाज येत होता.