मोत्याले हवा लागते

दागिना कसा ठेवावा हे या भूतलावर एकाच माणसाला कळलं आहे आणि तो माणूस सौंसरला राहतो, असं माझं ठाम मत आहे. बाकी आपण सगळे दागिने ठेवत नाही, कोंबतो. हा माणूस म्हणजे माझे मावसाजी, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोरगावला थोडीशी संत्र्याची बाग असलेले, किडकिडीत, दिसायला अगदी साधे गृहस्थ. त्यांच्या स्वतःच्या अंगावर सोन्याचा कण नाही. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठीसुद्धा त्यांनी केव्हाच मलमलीत गुंडाळून ठेवून दिली. का, तर "घातली म्हणजे घासते."

हे वेड त्यांना मावशीमुळे लागलं. मावशीला दागिन्यांची हौस आहे, पण ती फक्त घालण्याची. अंगावरून उतरवलेली वस्तू तिथल्या तिथे सोडून द्यायची ही तिची रीत. तिचे कानातले साबणाच्या वडीवर सापडत, बांगड्या मिक्सरच्या झाकणावर, आणि एकदा तर पाटली तुळशीच्या कुंडीत सापडली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरच्या मोत्याच्या कुड्या अत्तराच्या फुटक्या कुपीबरोबर एका डब्यात पडून राहिल्या आणि मोत्यांचं पाणी गेलं. पिवळे पडले बिचारे. मावशी म्हणाली, "गेले तर गेले, दुसरे घेऊ." मावसाजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नागपूरची बस धरली, सराफाच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर जाऊन बसले आणि मोती कसा जगतो हे विचारून आले. तेव्हापासून त्या घरात दागिने घालायचे मावशीनं आणि ठेवायचे मावसाजींनी, अशी वाटणी झाली. मावशी घरभर पुढे चालत असते आणि मावसाजी हातात मऊ फडकं घेऊन मागून वेचत असतात, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे.

त्यांचं कपाट उघडलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बाहेरून ते कोणत्याही घरातल्यासारखं लोखंडी कपाट आहे. आत मात्र संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या फळ्या रंधून त्यांनी स्वतः केलेले उथळ खण आहेत, प्रत्येकाला तळाशी मखमल. सोनसाखळ्यांचा गुंता होऊ नये म्हणून एकेक साखळी उसाच्या रसाच्या दुकानातल्या नळीतून ओवून ठेवलेली. चांदीच्या तोरड्या काळ्या पडू नयेत म्हणून त्यांच्याजवळ खडूचे तुकडे. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. माझ्या नोकरीचं मोल आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकट्या मावसाजींना कळलं, ते या खडूंमुळे. मी दारात पाय ठेवला की माझी, माझ्या नवऱ्याची, पोरीची चौकशी मागाहून. आधी, "खडू आणला का? रंगीत तर नाही ना आणला?"

त्यांच्या घरात रबरबँडला मज्जाव आहे, कारण रबरानं चांदी काळवंडते. कापसालाही आहे. आमच्या या मुलखात, जिथं कापूस हंगामात अंगणात, ओसरीवर, कधी कधी पलंगाखालीसुद्धा असतो, तिथं एका घरात कापसाला बंदी असावी हे लोकांना पटत नसे. "कापसाचा धागा खड्याच्या नखात अडकते, अन मग एक दिवस खडा घेऊनच बाहेर येते," असं ते समजावून सांगत. प्लास्टिकच्या पिशवीत मोत्याची माळ बांधून आणलेल्या एका शेजारणीला तर त्यांनी दारातच थांबवलं. "वहिनी, तुमच्या तोंडावर कोणी पिशवी बांधली तर चालंन का तुम्हाले? मोत्याले हवा लागते!" त्या बाई घाबरून माळ हातात धरून आत आल्या. आणि आता त्यांच्या घरी मोती मलमलीत असतात. सगळ्या मोहल्ल्याचेच असतात. गुंतलेली साखळी घेऊन लोक त्यांच्याकडे येत. ते काचेवर साखळी पसरत, वर चिमूटभर पावडर टाकत आणि दोन सुया घेऊन बसत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावं. पूजेला बसलेल्या माणसाचाही चेहरा इतका शांत नसतो. गाठ सुटली की पैसे नाहीत, चहा नाही, नुसता एक सल्ला, "घालून झोपू नका."

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं, रेणूचं लग्न पांढुर्ण्यात झालं. दागिन्यांचा कारभार मावसाजींकडे हे ठरवावंच लागलं नाही. आदल्या दिवशी ते मावशीसह हजर झाले आणि कार्यालयातली नवरीची खोली त्यांनी ताब्यात घेतली. टेबलावर पांढरी चादर अंथरली. जो दागिना आधी घालायचा तो डाव्या बाजूला, जो शेवटी तो उजव्या टोकाला, आणि नथ वेगळ्या वाटीत. पार्लरवाली बाई आधी नाक मुरडत होती. "काकाजी, मी करते ना सगळं." पण केसांवर स्प्रे मारायची वेळ आली तेव्हा मावसाजींनी सगळ्या टेबलावर दुसरी चादर झाकली आणि म्हणाले, "आधी फवारा, मग मोती. उलटं केलं की मोती मेला." पुढचा तासभर ती बाई त्यांना विचारून विचारूनच काम करत होती.

शेवटी राहिली एकदाणी, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. ही माझ्या आईची. आई चार वर्षांपूर्वी गेली. नातीच्या लग्नात ही तिच्या गळ्यात दिसावी एवढंच तिनं मागितलं होतं. बाहेर मंगलाष्टकांसाठी माइक तपासणं चाललं होतं, नवरदेव मंडपात येऊन उभा होता. मी माझ्या हातानं एकदाणी रेणूच्या गळ्यात घातली, ती हसत वळली, शालूचा काठ माळेत अडकला आणि जुना दोरा तुटला. सोन्याचे मणी फरशीवर उड्या मारत सगळीकडे पळाले.

"कोणी पाय उचलू नका!" मावसाजी इतक्या मोठ्यानं ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. खोलीतल्या बायका होत्या तशा थिजल्या. नवरदेवाची एक आत्या दारातून आत येत होती, ती एक पाय उंबऱ्यावर आणि एक हवेत अशी चौकट धरून उभी राहिली. मावसाजी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली, शालूच्या घडीत, पार्लरवालीच्या चपलेखाली जाऊन मणी वेचत होते आणि रुमालात टाकत होते. शेवटी रुमाल उघडून त्यांनी एक नजर फिरवली. "आले सगळे. ठेवा पाय खाली, बाई." आत्याबाईंनी पाय टेकला. मी तुटलेला दोरा हातात धरून विचारलं, "मावसाजी, आता कसं?"

"कसं म्हणजे? दोरा आहे, सुई आहे, मी आहे."

ते दुसरी चादर फरशीवर अंथरून मांडी घालून बसले. सुई घेतली. मणी उचलला. आणि मला दिसलं की मण्याचं भोक आणि सुईचं टोक एकमेकांना भेटतच नाहीत. हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर दुसराही हात थरथरत होता. मणी निसटून रुमालात पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. मावसाजींनी मान वर केली नाही.

तेवढ्यात मावशी पुढे आली. जरीची साडी सावरत त्यांच्या शेजारी फरशीवर बसली आणि त्यांच्या बोटांतून सुई काढून घेतली. "सांगा तुम्ही. मी ओवते."

"लहान मणी आधी," मावसाजी म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "नाही, तो नाही. त्याच्या बाजूचा. हां. आता जरा मोठा." आणि मावशी, जिनं आयुष्यात एक कानातलंही जागेवर ठेवलं नव्हतं, ती एकेक मणी सफाईनं ओवत गेली. बाहेरून कोणीतरी हाक मारली, माझ्या नवऱ्यानं दारातून हातानंच थांबवलं. शेवटची गाठ मारताना मावसाजींनी आपलं थरथरतं बोट गाठीवर दाबून धरलं. एकदाणी रेणूच्या गळ्यात गेली तेव्हा आईला काय वाटलं असतं, ते मला मंडपापर्यंत चालत जाताना सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेले. मावसाजी तिकिटं काढायला खिडकीकडे गेले तेव्हा मी मावशीला विचारलं, "हे केव्हापासून?"

"झालं एक-दीड वर्ष. सांगत नाहीत कोणाले. डॉक्टर म्हणते, कमी होईन, जाणार नाही."

"मग घरचं कपाट?"

"मीच करते. ते खुर्ची टाकून समोर बसतात अन सांगतात, मी ठेवते." मग ती जरा हसली. "शिकली मी आता सगळं. खडू कुठं, मलमल कुठं, डोळे मिटून ठेवीन. पण मधून मधून मुद्दामच चुकीचं ठेवून देते बरं. तोरड्या मोत्याच्या खणात टाकते."

"काहून?"

"मग ओरडतात माझ्यावर. उठून उभे राहतात, पहिल्यासारखे. चांगले अर्धा तास समजावून सांगत राहतात." तिनं खिडकीकडे पाहिलं. मावसाजी सुटे पैसे हातात घट्ट धरून, गर्दीतून वाट काढत, आमच्याकडेच येत होते. "तेवढा वेळ त्यांचं हाताकडे लक्षच राहत नाही," मावशी म्हणाली, आणि पिशवी उचलून त्यांना सामोरी गेली.